जुन्या रेकॉर्ड चेंजरचे पार्ट मिळवायचे कसे

माळ्यावरचा रेडिओग्राम (एकाच कॅबिनेटातला रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर) खाली उतरतो, धूळ झटकली जाते, स्विच दिला जातो. आत रेकॉर्ड चेंजर असतो, म्हणजे चळतीतल्या रेकॉर्डी एकामागून एक आपोआप वाजवणारं मशीन. प्लॅटर (रेकॉर्डखालची तबकडी) फिरतो, पण आर्म (सुईचा दांडा) जागचा हलत नाही. किंवा आर्म हलतो, पण वरची रेकॉर्ड खाली पडत नाही. मग ओळखीचा मेकॅनिक येऊन बघतो आणि म्हणतो, "याचे पार्ट आता कुठं मिळतात!"

त्याचं अर्धंच खरं आहे. कंपनीकडून नवा पार्ट मिळत नाही, हे मान्य. आपल्याकडच्या रेडिओग्राममध्ये सहसा गॅरार्ड नाहीतर बीएसआरचा चेंजर सापडतो. इंग्लंडात १९१५ साली सुरू झालेली आणि पुढे स्विंडनला स्थिरावलेली गॅरार्ड १९६० मध्ये प्लेसी कंपनीकडे गेली आणि १९७९ मध्ये ब्राझीलच्या ग्रादिएन्ते कंपनीला विकली गेली. बर्मिंगहॅमकडच्या बीएसआरने चेंजर बनवणं कधीच सोडलं. पण यांची मशीनं इतकी खपली होती, की त्यांचे सांगाडे अजून घरोघरी, भंगारात आणि फर्निचरवाल्यांकडे पडून आहेत. शिवाय यातले निम्मे पार्ट 'चेंजरचे' नसतातच. ती साधी स्प्रिंग, छर्रा, रबर किंवा स्क्रू असतो. कुठला पार्ट शोधायचा, कुठला बनवून घ्यायचा आणि कुठल्यासाठी अख्खं दुसरं मशीन उचलायचं, एवढं ठरलं की धावपळ खूप कमी होते.

१. पार्ट खरंच गेलाय का, ते आधी बघा

आधी प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. काही जुन्या सुटसुटीत प्लेअर पेट्यांत ॲम्प्लिफायरची चासीच थेट मेनला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला की पत्र्यालाच करंट येतो.

चेंजरच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ वाळलेलं ग्रीस हे असतं. वर्षानुवर्षं पडून ते मेणासारखं घट्ट होतं आणि जे पार्ट हलायला हवेत ते चिकटून बसतात. हे समजायला आतली करामत एकदा डोळ्यांनी बघा. मधली क्लिप काढली की बहुतेक मॉडेलांत प्लॅटर सरळ वर निघतो. खाली एक मोठं दातेरी चाक दिसेल. त्याचे काही दात मुद्दाम कापलेले असतात. एरवी ही कापलेली बाजू प्लॅटरच्या मधल्या छोट्या गिअरसमोर असते, म्हणून प्लॅटर फिरत राहतो आणि हे चाक गप्प बसतं.

या चाकावर नखाएवढा एक पंजा असतो. रेकॉर्ड वाजताना आर्म आत सरकतो, तसा पंजा किंचित पुढे येतो, आणि प्लॅटरच्या गाभ्यावरचं एक टोक दर फेरीला त्याला मागे लोटतं. रेकॉर्ड संपली की शेवटच्या मोकळ्या खोबणीत आर्म झपकन आत जातो. आता पंजा एका फेरीत नेहमीपेक्षा जास्त पुढे येतो, त्या टोकात अडकतो आणि मोठं चाक फिरू लागतं. त्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत आर्म उचलला जातो, बाहेर जातो, वरची रेकॉर्ड खाली पडते आणि आर्म परत येऊन बसतो.

हा पंजा फुंकर मारली तरी हलला पाहिजे. तो ग्रीसमध्ये रुतला असेल तर चेंजर एकतर कधीच बदल करत नाही, नाहीतर सारखा करतच राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातली काडी घेऊन तो स्वच्छ करा आणि कोरडाच ठेवा. इथे तेलाचा थेंबही नको. "तेल सोडा, मोकळं होईल" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोटरच्या बुशसाठी (ज्या नळीत दांडा फिरतो तिच्यासाठी) ते बरोबर आहे, पंजासाठी नाही.

आवाजच येत नसेल तर लगेच "कार्ट्रिज गेलं" म्हणू नका. (कार्ट्रिज म्हणजे सुईचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा आर्मच्या टोकाचा पार्ट.) आर्म फिरत असताना खरखर ऐकू येऊ नये म्हणून चेंजरमध्ये एक छोटा स्विच असतो, तो तेवढ्यापुरतं कार्ट्रिज शॉर्ट करतो. त्याच्या पातळ पट्ट्या वाकल्या किंवा काळ्या पडल्या की तो शॉर्टच राहतो. कार्ट्रिजच्या शोधात निघण्याआधी या पट्ट्या बघा.

जर्मन ड्युअल कंपनीचा चेंजर असेल तर आणखी एक जागा तपासा. १२१९, १२२९ अशा मॉडेलांत मुख्य लिव्हरच्या टोकावर एक इवलंसं रबरी टोपण असतं. ते झिजून गळून पडलं की आर्म उचलतो, पण रेकॉर्डकडे येतच नाही, तिथेच खाली बसतो. बघणाऱ्याला वाटतं, आतलं गिअरच गेलं. बारीक वायरचं आवरण योग्य जाडीचं निवडून त्याचा तुकडा बसवला की काम होतं.

२. मशीनची ओळख पटवा

कॅबिनेटवरचं नाव कॅबिनेटवाल्याचं असतं, चेंजरचं नव्हे. चेंजरचं मॉडेल डेकच्या खालच्या पत्र्यावर, प्लॅटरखाली किंवा मोटरजवळच्या लेबलवर सापडेल. नंतर त्याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. वापरायचं पुस्तक नको, दुरुस्तीचं हवं. त्यात सुट्या पार्टचं चित्र आणि प्रत्येकाचा नंबर असतो. व्हिनाइल इंजिन या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की बऱ्याच मॉडेलांची मॅन्युअलं फुकट उतरवता येतात. पार्टचा नंबर हातात असला की विक्रेत्याशी बोलणं दोन वाक्यांत संपतं.

३. पार्टची तीन ढिगांत विभागणी करा

पहिला ढीग बाजारात सहज मिळणाऱ्या गोष्टींचा. छर्रे, ई-क्लिप (दांड्याच्या खाचेत बसणारी छोटी क्लिप), वॉशर, शिल्डेड वायर, कपॅसिटर, मोटरखालचे रबरी ग्रोमेट.

दुसरा ढीग बनवून घ्यायच्या गोष्टींचा. स्प्रिंगा, मोटरची फिरकी प्लॅटरला देणाऱ्या आयडलर चाकाचं रबर, बुश, नॉब, मोठ्या भोकाच्या ४५ च्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) रेकॉर्डसाठीची चकती.

तिसरा ढीग खरा अडचणीचा. चेंजर स्पिंडल (रेकॉर्डींची चळत पेलणारा मधला दांडा), दातेरी चाक, आर्म, कार्ट्रिज बसवायचा हेडशेल, रेकॉर्डच्या चळतीवर टेकणारा वरचा दांडा. हे बनवत बसणं परवडत नाही. यांच्यासाठी दुसरं मेलेलं मशीन शोधायचं. माझ्या मते तिसऱ्या ढिगात दोन गोष्टी असतील तर सुटे पार्ट शोधूच नका, सरळ अख्खा डेक घ्या. सुट्या स्पिंडलच्या भावात कधीकधी पूर्ण डेक मिळतो, कारण विकणाऱ्याला त्यात स्पिंडल आहे हेच ठाऊक नसतं.

डेक अगदी त्याच मॉडेलचा हवा असंही नाही. बीएसआरच्या अनेक मॉडेलांचा गाभा एकच आहे, वरची सजावट तेवढी बदलते. मॅन्युअलमधले पार्ट नंबर जुळवून बघा.

४. जवळ काय काय हवं

हत्यारं:
- व्हर्नियर कॅलिपर (याच्याशिवाय घराबाहेर पडू नका)
- चांगल्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर, चिमटा, बारीक नोज प्लायर
- मल्टिमीटर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, शिलाई मशीनचं तेल, थोडं लिथियम ग्रीस
- पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी. ई-क्लिप तिच्यात हात घालून काढायची, म्हणजे उडून कपाटाखाली जात नाही

कागद:
- सर्व्हिस मॅन्युअलमधल्या सुट्या पार्टच्या चित्राची छापील प्रत
- हव्या असलेल्या पार्टचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो
- मापांची चिठ्ठी: लांबी, बाहेरचा व्यास, भोकाचा व्यास
- परदेशातून मागवणार असाल तर आधार किंवा तत्सम ओळखपत्र आणि पैसे भरल्याची पावती

आणि खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो. स्प्रिंगचा हूक कुठल्या भोकात होता, हे दुसऱ्या दिवशी कुणालाही आठवत नाही.

५. बाजारात शोधताना

मुंबईत पहिली चक्कर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटची. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, हे बाहेरगावहून येणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं. दर्शनी भागात ठेवलेल्या चकचकीत भोंग्याच्या ग्रामोफोनकडे बघायचंही नाही. त्यातले पुष्कळसे नव्यानं जुळवलेले असतात आणि त्यांचा एकही पार्ट चेंजरला चालत नाही. आत विचारा: "रेडिओग्रामच्या आतली मशीन आहे का?" कर्णा असलेलं सगळंच 'ग्रामोफोन' आणि बाकीचं सगळं 'प्लेअर', अशी तिथली वर्गवारी असते. म्हणून फोटो दाखवलेला बरा.

जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार अनेकांच्या लक्षातच येत नाही. लोक रेडिओग्रामचं सागवानी कॅबिनेट बार किंवा बुटांचं कपाट करायला नेतात, आणि काढलेला डेक दुकानदाराला अडगळ होतो. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे सकाळी लवकर जा. इलेक्ट्रॉनिक सुटं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत. बेअरिंग, ओ-रिंग, हत्यारं, स्क्रू यांसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट.

पण चांगला माल बाजारापेक्षा माणसांकडे असतो. तालुक्याच्या गावातले जुने रेडिओ मेकॅनिक, लग्नात-उत्सवात लाउडस्पीकर लावणारे. दुकान बंद झालं तरी पत्र्याचा डबा राहिलेला असतो. तिथे घासाघीस करू नका. चहा घ्या, तुमच्या मशीनचा फोटो दाखवा. एकदा विषयात शिरले की हे लोक डबा स्वतःच पालथा करतात, आणि तुमच्या मशीनचं दुखणंही न बघता ओळखतात.

डेक हातात घेतल्यावर हे बघा:

- स्पिंडल आहे का? तो निघणारा असेल तर बहुतेकदा हरवलेला असतो. छोटा सरळ स्पिंडल असेल तर त्यावर एक-एक रेकॉर्ड वाजेल, चळत चढणार नाही.
- हेडशेल आहे का? नसेल तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.
- लिव्हर 'ऑटो'वर ढकलून प्लॅटर हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. सावकाश का होईना, आर्मने पूर्ण चक्कर करायला हवी. अडलं तर जोर लावू नका. चिकटलेलं सुटतं, मोडलेला दात परत येत नाही.
- जस्ताच्या ओतीव पार्टवर बारीक भेगा किंवा फुगवटा आहे का? ओतताना धातूत शिसं मिसळलेलं राहिलं तर तो काही दशकांनी आतून तडकतो. १९३०-४० च्या सुमाराच्या मशीनांत हे जास्त दिसतं. असा पार्ट आज बसेलही, पण लवकरच भुगा होईल.

स्पिंडलच्या बाबतीत लोक फार फसतात. दोन मॉडेलांचे स्पिंडल शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण पायरीची उंची आणि खालून ढकलणाऱ्या दांड्याची लांबी वेगळी असते. तसा स्पिंडल बसतो, आणि मग एकदम दोन रेकॉर्डी पडतात किंवा एकही पडत नाही. मापं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

६. बनवून घेताना

आयडलर म्हणजे मोटरची पुली आणि प्लॅटरची आतली कड यांच्यामध्ये दाबून बसणारं रबरी चाक. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्याला सपाट डाग पडतो आणि दर फेरीला धप्‌ धप्‌ ऐकू येतं. रबर नुसतं गुळगुळीत झालं असेल तर अल्कोहोलने पुसून, बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून भागतं. कडक झालं असेल तर नवं चढवावं लागतं.

इथे एक दिलासा आहे. प्लॅटरचा वेग पुलीच्या आणि प्लॅटरच्या आतल्या कडेच्या व्यासावर ठरतो. मधल्या चाकाच्या व्यासाने तो बदलत नाही. म्हणजे नवं रबर अर्धा मिलिमीटर जाड-बारीक झालं तरी रेकॉर्ड ठीक वेगात वाजेल. चाक दोन्हीकडे नीट टेकलं पाहिजे आणि बंद केल्यावर सुटलं पाहिजे, एवढंच बघायचं. मापापेक्षा गोलाई महत्त्वाची. म्हणून लेथवाल्याला आधी चाकाच्या बुशमध्ये घट्ट बसणारा मँड्रेल (दांडा) करायला सांगा, चाक त्यावर चढवूनच जुनं रबर काढायचं आणि नवं घासायचं. चाक नुसतं चकमध्ये पकडून घासलं की ते डगडगणारच. औद्योगिक वसाहतीत छपाईच्या रोलरवर रबर चढवणारे असतात, ते एवढंसं काम हातात घ्यायला नाखूष असतात. पर्याय म्हणजे चाकाला खाच पाडून नायट्राइल रबराची ओ-रिंग बसवणं. तुमच्या चाकाच्या घडणीत ते बसत असेल तर साध्या चेंजरला छान चालतं. दुरुस्तीनंतर एक सवय लावून घ्या: वाजवून झालं की लिव्हर 'ऑफ'वर, म्हणजे चाक मोकळं राहतं.

स्प्रिंग बनवणाऱ्याकडे मोडलेली स्प्रिंगच घेऊन जा, तिचे दोन्ही तुकडे. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि हुकाची दिशा इतकं त्याला लागतं. मूळपेक्षा जाड तार देऊ देऊ नका. "मजबूत होईल साहेब" म्हणतात, आणि आर्म रेकॉर्डवर आपटायला लागतो.

छर्रे सायकलच्या दुकानातही मिळतात, पण आधी मोजा. इंग्लिश मशीनचे इंचात असतात, उदाहरणार्थ १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. एक हरवला तरी सगळे एकाच मापाचे नवे घाला.

स्क्रूंची गंमत वेगळीच. गॅरार्ड, बीएसआरचे आटे ब्रिटिश असोसिएशनचे, म्हणजे बीए मापाचे. ६ बीए हा २.८ मिलिमीटरचा, ४ बीए ३.६ चा. जवळपास दिसतो म्हणून ६ बीएच्या भोकात एम३ (३ मिलिमीटरचा मेट्रिक) स्क्रू दामटला की ओतीव धातूतले आटे गेलेच. ड्युअलला मात्र मिलिमीटरचे मेट्रिक स्क्रू चालतात.

थ्रीडी प्रिंटिंग नॉब आणि ४५ च्या चकतीसाठी उत्तम. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक मात्र साधारण ६० अंशांना मऊ पडतं. विदर्भातला उन्हाळा आणि तापलेली मोटर धरून पीईटीजी प्लास्टिक मागा.

७. परदेशातून मागवताना

सगळ्यात महाग पडणारी चूक मोटरच्या पुलीची. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे आणि इंग्लंडात ५० ची. मोटरचा वेग हर्ट्‌झवर चालतो, म्हणून ६० हर्ट्‌झची पुली बारीक असते. ती इथे बसवली की ३३⅓ ची रेकॉर्ड २७.८ फेऱ्यांनी फिरते आणि गायिकेचा गायक होतो. पुली किंवा पूर्ण डेक घ्यायचा तर इंग्लंडातून घ्या. नातेवाईक अमेरिकेत असतील तर त्यांच्याकडून स्पिंडल, हेडशेल, सुया मागवा. पुली नको, आणि ११५ व्होल्टची मोटर तर नकोच.

कस्टम ड्युटी मोजताना वस्तूच्या किमतीत टपालखर्चही धरतात, म्हणून स्वस्त पार्टवर भारी कुरिअर घेऊ नका. पार्सलवर 'गिफ्ट' लिहून घेण्यातही अर्थ नाही. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तूंची जवळजवळ सगळी सूट गेली आहे. विक्रेत्याला पार्ट नंबर, मोजमापाचा फोटो आणि "चालतो का, की फक्त दिसायला ठीक आहे" हे तिन्ही विचारा.

८. कार्ट्रिज आणि सुई

जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. तो दमट हवेत आणि उष्णतेत मरतो. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात माळ्यावर पडलेलं क्रिस्टल कार्ट्रिज जिवंत निघालं तर नशीब समजा. 'न वापरलेलं, डबाबंद' म्हणून जुनं क्रिस्टल महागात घेऊ नका, डब्यातही ते मरतं. सिरॅमिक कार्ट्रिज त्यामानाने टिकतं. तेच शोधा.

सुई घेताना आपण काय वाजवणार ते ठरवा. ७८ च्या रेकॉर्डला टोक साधारण ३ मिल त्रिज्येचं लागतं, मोनो एलपीला १, स्टिरिओला ०.७. (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) एलपीची सुई ७८ च्या खोबणीच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकवते. उलट ७८ ची सुई एलपीला कायमची इजा करते. उलटवायची दुतोंडी सुई असेल तर कुठली बाजू खाली आहे ते दर वेळी बघा.

९. बसवून झाल्यावर

मोटरच्या स्विचला समांतर जोडलेला जुना कागदी कपॅसिटर असेल तर तो चालतोय म्हणून ठेवू नका. तेवढ्याच मूल्याचा एक्स२ वर्गातला (थेट मेनला जोडायला सुरक्षित) घाला.

वेग तपासायला स्ट्रोब चकती छापून घ्या, पण ५० हर्ट्‌झची. ती प्लॅटरवर फिरताना दिव्याखाली तिच्या रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेषा असतात. अमेरिकन चकतीवर २१६ असतात, ती इथे फसवते. एलईडीच्या प्रकाशात रेषा बहुधा स्थिर दिसणारच नाहीत. जुना पिवळा बल्ब किंवा चोकवाली ट्यूब लावा.

पहिल्या चाचणीला आवडत्या रेकॉर्डी काढू नका. ओरखडे पडलेल्या, फुकट मिळालेल्या दोन-तीन घ्या. आधी एकच ठेवून शेवटपर्यंत जाऊ द्या, आर्म आपणहून उचलतो का बघा. मग दोन चढवा. त्यानंतरच चळत, आणि तीसुद्धा मॅन्युअलमध्ये दिलेल्या संख्येच्या आतच. सात इंची आणि बारा इंची एकत्र चढवायच्या असतील तर तुमच्या मॉडेलला ते जमतं का, हे आधी मॅन्युअलमध्ये वाचा.

उरलेला मेलेला डेक भंगारात देऊ नका. खोका करून त्यावर मॉडेल नंबर लिहा आणि माळ्यावर टाका.